आधी मूठ, मग पाते

जपानमध्ये घडलेली नवी तलवार स्वस्तात मिळणे जवळजवळ अशक्य आहे. परवानाधारक लोहाराच्या हाताखाली निदान पाच वर्षे उमेदवारी केल्याशिवाय तिथे तलवार घडवण्याचा परवाना मिळत नाही, आणि तो मिळाल्यावरही महिन्याला दोनच लांब तलवारी करता येतात. पोलादही साधे नसते. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथे १९७७ साली पुन्हा पेटवलेल्या तातारा भट्टीत लोहवाळू आणि लोणारी कोळसा तीन दिवस, तीन रात्री जळत राहतो. त्यातून निघालेले ‘तामाहागाने’ हे पोलाद देशभरच्या लोहारांना पुरवले जाते. एवढ्या कष्टाच्या वस्तूसाठी लाखो येन मोजावे लागतात, आणि ते योग्यच आहे.

मग अमेरिकेत दोन-तीनशे डॉलरांत मिळणारी कताना, म्हणजे बाकदार जपानी लांब तलवार, येते कुठून? बहुतेक वेळा चीनमधून, तेही चच्यांग प्रांतातल्या लाँगछ्वानमधून. तलवारींसाठी हे शहर फार पूर्वीपासून ओळखले जाते. तिथल्या स्वस्त कताना बाजारात येण्याआधी, १९९० च्या दशकात, दालियानच्या पॉल चेन यांच्या हानवेई कारखान्याने ‘प्रॅक्टिकल कताना’ बाजारात आणली आणि खरोखर कापणारी तलवार सामान्य पगारदार शिकाऊ माणसाच्या हातात आली. अशी कारखान्यातली धारदार तलवार जपानमध्ये बाळगता येत नाही. तिथले विद्यार्थी सरावासाठी जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, धार नसलेली इआइतो वापरतात. म्हणजे ही स्वस्त तलवार घाटाने जपानी असली तरी तिचा संसार सगळा जपानबाहेरचा.

मी ह्यूस्टनला राहतो आणि इथल्या एका वर्गात तोयामा र्‍यू शिकतो. तोक्योच्या तोयामा लष्करी शाळेत १९२५ साली अधिकाऱ्यांसाठी बसवलेल्या तलवारीच्या हातांतून ही शैली निघाली. तिच्यात प्रत्यक्ष कापून बघण्याला, म्हणजे तामेशिगिरीला, मोठे महत्त्व आहे. लाकडी बोक्केन आणि इआइतो यांच्यावर हात बसल्याशिवाय आमचे सेन्सेई, म्हणजे गुरू, धारेची तलवार घेऊ देत नाहीत. परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावली: विक्रेता मूठ उघडलेल्या तलवारीचा फोटो दाखवतो का, ते आधी विचार.

हा सल्ला किती मोलाचा आहे हे दुकाने चाळताना कळत गेले. भिंतीवर टांगायच्या शोभेच्या तलवारी स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्यांच्या मुठीत पात्याचा मागचा भाग जातच नाही. एक बारीक आटे पाडलेली सळई तिथे डागलेली असते. अशी तलवार जोरात फिरवली तर सळई तुटून पाते सुटू शकते, आणि मग ते कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. खऱ्या कतानाचे पाते मुठीच्या आत बरेच खोलवर जाते. या भागाला नाकागो म्हणतात. तो लाकडी गाभ्यात घट्ट बसतो आणि मेकुगी नावाच्या बांबूच्या खुंटीने अडकवला जातो. किलोभर वजनाची, सत्तर सेंटिमीटरहून लांब पात्याची तलवार अखेर या करंगळीहून बारीक खुंटीच्या भरवशावर फिरत असते.

जाहिराती मात्र भर देतात हामोनवर. धारेलगत दिसणारी ती ढगाळ, नागमोडी रेषा. खरा हामोन पाणी देताना उमटतो. पात्याच्या पाठीवर मातीचा जाड थर आणि धारेवर पातळ थर लावून पाते तापवतात आणि पाण्यात बुडवतात. धार झटकन निवते आणि कडक होते, पाठ सावकाश निवते आणि मऊ राहते. कडक झालेले पोलाद थोडे जास्त जागा व्यापते, म्हणून पाते पाठीकडे वाकते. कतानाची ती सुरेख बाकदार रेघ बरीचशी इथेच, पाण्यात पूर्ण होते. हे सगळे विलक्षण आहे. पण स्वस्त तलवारींवर ही रेषा अनेकदा आम्लाने नुसती उमटवलेली असते. ती खरी असली तरी नवशिक्याच्या फारशी कामाची नाही, कारण घाव तिरका पडला की मऊ पाठीचे पाते वाकते आणि वाकलेलेच राहते.

म्हणून मी सगळीकडे सारखे पाणी दिलेले, हामोन नसलेले १०६० पोलादाचे पाते निवडले. या नावातले शेवटचे दोन आकडे कर्बाचे असतात. इथे कर्ब ०.६० टक्के. १०९५ मध्ये तो जास्त, म्हणून धार अधिक टिकते, पण चिवटपणा कमी होतो. ९२६० हे सिलिकॉन घातलेले स्प्रिंगचे पोलाद आणखी लवचीक, तेही चालले असते. पात्यावरची खाच, बोही, मुद्दाम टाळली. खाचेमुळे तलवार हलकी होते आणि हवेत छान सणसणते, पण भरीव पाते आडव्या धक्क्याला जास्त तग धरते.

तलवार हाती आल्यावर आधी मूठ उतरवली. पितळी हातोडीने मेकुगी बाहेर काढली, नाकागो पुरेसा लांब आणि रुंद होता, गाभ्याला चीर नव्हती. खुंटी मात्र सैल होती. जुन्या, वाळलेल्या बांबूची नवी खुंटी तासून बसवली. मग पाते डोळ्यासमोर आडवे धरून सरळ आहे का पाहिले आणि म्यान उलटे करून तलवार आपोआप घसरत नाही ना, हे तपासले. स्वस्त तलवारीत पात्यापेक्षा ही जुळणीच कच्ची असण्याचा संभव जास्त, हे माझे ठाम मत आहे.

पहिले लक्ष्य पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. पात्याची धार आणि तलवारीची वाट एका रेषेत असली, म्हणजे हासुजी साधला, तर वरचा तुकडा निसटतो आणि खालचा पाण्यासकट जागेवर उभा राहतो. कोन चुकला की बाटली चेपून उडते. नंतर तातामी या जपानी बैठकीवरच्या गवती चटईची गुंडाळी: ती पाण्यात भिजवायची, निथळायची, दोऱ्यांनी आवळायची आणि लाकडी खुंटावर खोचायची. पहिला खरा केसागिरी, खांद्यापासून तिरपा खाली येणारा घाव, पार गेला तेव्हा हाताला जवळजवळ काहीच लागले नाही. जोर लावला तेव्हा पाते अर्ध्यातच अडकत होते. डाव्या हाताने ओढ दिली आणि उजव्याने फक्त दिशा, तसे ते वाहत गेले.

कोल्हापूरचे मर्दानी खेळ पाहिलेल्यांना लिंबू कापणारी तलवार आठवेल. ती एका हाताची. आपल्या तलवारीची आखूड मूठ आणि मागची गोल चकती मनगट बांधून ठेवतात, म्हणून घाव खांद्यातून ओढत येतो. कतानाची मूठ वीतभराहून बरीच लांब असते आणि दोन हात तिच्यावर अंतर ठेवून बसतात. दोन्ही पाती बाकदार, दोन्ही ओढून कापतात, पण शरीराला लागणारी शिस्त वेगळी आहे. एकीच्या सवयी दुसरीवर नेऊ नयेत.

भिजलेल्या चटईचा रस पोलादाला लगेच डाग पाडतो, आणि ह्यूस्टनची दमट हवा गंज चढवायला टपलेली असते. म्हणून कापणे संपले की पाते पुसायचे, लवंगतेलाचा अंश असलेल्या चोजी तेलाचा पातळ हात द्यायचा आणि मेकुगी पुन्हा बघायची. कापायच्या जागी मुले, पाळीव प्राणी किंवा समोर उभा प्रेक्षक कधीच नको.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. भारतात नऊ इंचांहून लांब पात्याची धारदार शस्त्रे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांच्या कक्षेत येतात, आणि कुरिअरने आलेल्या तलवारी पोलिसांनी जप्त केल्याच्या बातम्या अनेकदा येतात. घरबसल्या मागवण्याची ही वस्तू नव्हे. ब्रिटनमध्येही २००८ पासून बाकदार लांब तलवारींच्या विक्रीवर बंदी आहे. पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारींना तेवढी सूट मिळते.

जिथे कायद्याने मुभा आहे आणि शिकवणारा माणूस आहे, तिथे पहिली तलवार जरूर घ्या. विकणाऱ्याकडे पात्याचे फोटो मागण्याआधी नाकागोचा फोटो मागा, आणि तो मिळत नसेल तर दुसरे दुकान बघा.