साडेपाचचं टेबल

परवा कपाट आवरताना एक चौपदरी घडी घातलेला कागद हाताला लागला. लेकीने रंगीत पेनांनी आखलेला तक्ता, डिसेंबर २०१९ मधला. मायामीहून निघणाऱ्या 'सिम्फनी ऑफ द सीज' या जहाजावरचे आमचे सात दिवस त्यात तासातासाने मांडलेले. जेवण हिरव्या पेनाने, कार्यक्रम लाल पेनाने.

तक्ता बघून मला तेव्हा खरं तर कौतुकच वाटलं होतं. शाळेत बावीस वर्षं वेळापत्रक मी करत असे. गणिताचा तास खेळाच्या तासानंतर येऊ नये आणि एकच शिक्षक एकाच वेळी दोन वर्गांत लागू नये, ही डोकेदुखी मला चांगली ठाऊक. पण क्रूझवर वेळापत्रक? माझी कल्पना अशी की डेकवर खुर्ची टाकायची आणि समुद्र बघत बसायचं!

तसं नसतं मंडळी. त्या जहाजात साडेपाच हजारांच्या वर प्रवासी मावतात, आणि मोठं थिएटर आहे चौदाशेच्या आसपास माणसांचं. बर्फावरच्या स्केटिंगचं सभागृह त्याहून बरंच लहान. म्हणून एकेक कार्यक्रम आठवड्यात बऱ्याच वेळा करतात. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, पण जागा मात्र आधी राखून ठेवावी लागते. राखली नसेल तर वेगळ्या रांगेत उभं राहायचं. सुरू व्हायच्या थोडं आधी रिकाम्या खुर्च्या दिसल्या की मग आत सोडतात. आपल्याकडे नाटकाला 'हाउसफुल्ल'ची पाटी बघूनही खिडकीपाशी घुटमळणारे असतात ना, तसंच.

जेवणाचेही दोन प्रकार. एकात वेळ ठरलेली, संध्याकाळी साडेपाच किंवा आठ. रोज तेच टेबल, तेच वाढणारे. दुसऱ्यात आपल्या सोयीने रोज वेगळी वेळ. शिवाय जादा पैसे देऊन जेवायची हॉटेलं असतात, ती निराळी. लेकीने अर्थातच दुसरा प्रकार घेतला होता, म्हणजे एकही शो चुकायला नको. सोमवारी सव्वासात, मंगळवारी सहा, बुधवारी इटालियन हॉटेल. तीन महिने आधीपासून खपून केलेलं काम.

चुकलं ते एवढंच, की मी तिला एक गोष्ट सांगितली नव्हती.

यांचं विसरणं वर्षभर आधीच सुरू झालं होतं. दूध आणायला जायचे आणि कोपऱ्यावर थांबून राहायचे. फोनवर मी "बाबा ठीक आहेत" म्हणायची. तेही फोनवर छान बोलायचे, त्यामुळे अमेरिकेत बसून तिला कळणार तरी कसं? जहाजावर दुसऱ्याच संध्याकाळी कळलं. "आज किती वाजता? कुठे?" हे त्यांनी सातव्यांदा विचारलं, तेव्हा ती हसली. मग त्या लांबलचक बोळात, एकसारख्या दारांमध्ये, दुसऱ्याच कुणाच्या खोलीला आमचं कार्ड लावून ते उभे राहिले. तेव्हा ती हसली नाही.

"आई, कधीपासून?"

"झालं वर्षभर."

ती माझ्याशी रात्रभर बोलली नाही.

सकाळी मी एकटीच जेवणघराच्या मुख्य माणसाला जाऊन भेटले. माझं इंग्रजी तर्खडकरी, पण काम भागलं. साडेपाचचं एक टेबल मिळालं, खिडकीजवळचं. लेकीचा तक्ता पार कोलमडला. इटालियन गेलं (वेळेत कळवलं म्हणून पैसे परत मिळाले), दोन शोंच्या वेळा हुकल्या. "निदान विचारायचंस तरी," म्हणाली. बरोबरच होतं तिचं. पण मी तरी काय करू? वर्षभर कुणालाच न विचारता निभावायची सवय झाली होती.

दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी पाच वाजताच हे शर्ट घालून तयार! "चला, तो वाट बघत असेल." 'तो' म्हणजे आमचा वाढपी. यांना तिखट लागतं हे त्याने पहिल्याच दिवशी हेरलं होतं. खुर्ची ओढून द्यायचा आणि न मागता मिरच्या आणून ठेवायचा. खोलीचा नंबर यांना शेवटपर्यंत आला नाही, पण टेबल मात्र बरोबर सापडायचं.

बर्फावरच्या शोचं नाव होतं '१९७७'. लंडनची काहीतरी गोष्ट होती, मुकुटबिकुट चोरीला जातो अशी. त्यातलं यांना काय कळलं देव जाणे, पण नाव डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्या वाढप्याला आमच्या १९७७ ची कथा ऐकवली. इंदिराबाई रायबरेलीत पडल्या, आणीबाणी उठली, मोरारजीभाई पंतप्रधान झाले आणि डिसेंबरात सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. चोपन्न दिवस! पगार नाही, घरात तान्हं मूल, किराणावाल्याची उधारी, सगळं क्रमवार. एक तारीख चुकली नाही. तो बिचारा हातात ताटल्या घेऊन ऐकत राहिला. ते तान्हं मूल समोर बसून डोळे पुसत होतं.

शेवटच्या रात्री जावई यांच्याजवळ थांबला आणि आम्ही मायलेकी 'हेअरस्प्रे' नाटकासाठी विनाबुकिंगवाल्यांच्या रांगेत उभ्या राहिलो. पाऊण तास. कुठला डॉक्टर, कुठल्या तपासण्या, मी एकटी किती दिवस ओढणार, सगळं त्या रांगेतच बोलून झालं. आत सोडलं तेव्हा अगदी मागच्या दोन खुर्च्या मिळाल्या. नाटकात गाणी भरपूर होती, एवढंच आठवतं.

तो कागद मी पुन्हा घडी घालून कपाटातच ठेवला. आता यांना लेकीचं नावही रोज आठवत नाही. संध्याकाळचं ताट मी साडेपाचलाच वाढते. शर्ट घातल्याशिवाय बसत नाहीत.