दोघांना चालेल असा शब्द

साहित्य आणि संस्कृती या विषयांवरील चर्चासत्रांत एक वाक्य अधूनमधून कानी पडते. युरोपीय एकीकरणाचे शिल्पकार मानले जाणारे झाँ मोने उतारवयात म्हणाले होते म्हणे, की पुन्हा आरंभ करायचा झाला तर आपण तो संस्कृतीपासून करू. आम्ही भाषा-साहित्य शिकवणारी माणसे. आम्हांला हे वाक्य प्रिय वाटावे यात नवल नाही. कोळसा आणि पोलाद यांचा हिशेब मांडणाऱ्याने अखेर आमच्या कामाची थोरवी मान्य केली, असे समाधान त्यात आहे. अडचण एवढीच, की मोने असे म्हणाल्याचा पुरावा नाही. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींतही हे वाक्य सापडत नाही.

मोने यांची रीत तर नेमकी उलटी होती. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी जी योजना जाहीर केली, तिचा मसुदा मोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला होता. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांचे कोळसा व पोलाद यांचे उत्पादन एका सामायिक यंत्रणेखाली आणावे, म्हणजे त्यांच्यातील युद्ध अशक्य होईल, असा तो साधा आणि कठोर विचार होता. १९५१ मध्ये सहा देशांनी त्यावर करार केला. मने बदलण्याची वाट त्या योजनेने पाहिली नाही.

संस्कृतीपासून आरंभ करू पाहणारी माणसे मात्र खरोखरच होती. मे १९४८ मध्ये हेग येथे युरोपवाद्यांची परिषद भरली, तेव्हा तिच्या सांस्कृतिक समितीचे अध्यक्षपद साल्वादोर दे मादारियागा यांच्याकडे होते. हे गृहस्थ स्पेनचे राजदूत होते, ऑक्सफर्डला स्पॅनिशचे प्राध्यापक होते आणि ‘दोन किहोते’च्या वाचकांसाठी त्यांनी समीक्षाग्रंथही लिहिला होता. पुढे १९४९ मध्ये बेल्जियममधील ब्रूज येथे ‘कॉलेज ऑफ युरोप’ सुरू झाले. त्यामागेही त्यांचीच प्रेरणा होती. १९५४ मध्ये युरोपीय सांस्कृतिक करार झाला. परस्परांच्या भाषा, इतिहास आणि संस्कृती यांच्या अभ्यासाला उत्तेजन देण्याचे सदस्य-राष्ट्रांनी त्यात मान्य केले. हा सारा प्रवाह उदात्त आहे. परंतु त्यात गृहीत धरलेली एक गोष्ट आम्हांला तपासून पाहावीशी वाटते. ती म्हणजे, राजकारण भांडते आणि संस्कृती जोडते. ज्या पुस्तकांवर आपण पोसलो, ज्या गावांच्या नावांना आपण जीव लावला, ती पुस्तके आणि ती नावेच भांडणाचे कोठार असतील तर काय करायचे?

या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर परिषदांच्या जाहीरनाम्यांत नाही. ते जर्मन आणि पोलिश इतिहासकारांच्या एका पाठ्यपुस्तक आयोगाच्या कामात आहे, असे आम्हांला वाटते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. नाझी राजवटीने पोलंड व्यापला, तेथील समाज मोडून काढला. सुमारे साठ लाख पोलिश नागरिक मारले गेले, त्यांपैकी निम्मे ज्यू होते. १९४५ नंतर पोलंडची सीमा पश्चिमेला सरकली. ओडर आणि नायसे या नद्यांच्या पूर्वेकडील जर्मन प्रदेशांतून लक्षावधी जर्मनांना जावे लागले. ब्रेस्लाऊचे व्रोत्सवाफ झाले, डान्झिगचे ग्दान्स्क. सोव्हिएत संघाकडे गेलेल्या पूर्वेकडील प्रदेशांतून उखडलेले पोलिश लोक या रिकाम्या झालेल्या घरांत येऊन राहिले. त्यांना सरकारी भाषेत ‘मायदेशी परतलेले’ म्हणत. ज्या गावात पिढ्या गेल्या ते गाव सोडून, कधी न पाहिलेल्या गावात येणे म्हणजे परतणे! सरकारी शब्दकोश किती निर्विकारपणे क्रूर होऊ शकतो याचा हा नमुना आहे.

७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चान्सलर व्हिली ब्रांट यांनी वॉर्सा येथे ही सीमा मान्य करणाऱ्या करारावर सही केली. त्याच दिवशी ते वॉर्सातील ज्यू वस्तीच्या उठावाच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले. ते छायाचित्र जगभर गेले. त्यांच्यासोबत ग्युंटर ग्रास आणि झीगफ्रीड लेंट्स हे दोन कादंबरीकार होते. ग्रास डान्झिगचे, लेंट्स पूर्व प्रशियाचे. म्हणजे आपली जन्मगावे कायमची दुसऱ्या देशाची झाली, हे मान्य करणाऱ्या सहीला साक्षी राहण्यासाठी ते गेले होते. पूर्व प्रशियातच वाढलेल्या पत्रकार मारिओन डोनहोफ यांनाही निमंत्रण होते. पोलंडशी समेट व्हावा यासाठी त्यांनी सतत लिहिले होते. तरीही ऐन वेळी त्या गेल्या नाहीत. करार योग्यच होता; पण गमावलेल्या घराच्या निरोपाचा पेला उंचावणे त्यांना जमणारे नव्हते. जाणारे आणि न जाणारी, दोघांचाही निर्णय आम्हांला सारखाच आदरणीय वाटतो.

राजकारणाने दार उघडल्यावर तज्ज्ञांचे काम सुरू झाले. १९७२ मध्ये दोन्ही देशांच्या युनेस्को आयोगांच्या आश्रयाने संयुक्त पाठ्यपुस्तक आयोग स्थापन झाला. जर्मन बाजूचा आधार होते गेओर्ग एकर्ट. ब्राउनश्वाइग येथे त्यांनी पाठ्यपुस्तकांच्या तुलनात्मक अभ्यासाची संस्था उभी केली होती. फ्रेंच इतिहासकारांबरोबर त्यांनी असेच काम आधी केले होते. १९७४ मध्ये ते वारले. इतिहास आणि भूगोल यांच्या पुस्तकांसाठीच्या शिफारशी १९७६ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

त्यांतील सर्वांत अवघड प्रश्न भाषेचाच होता. १९४५ नंतर जर्मनांचे जे झाले त्याला काय म्हणायचे? जर्मन जनमानसातला शब्द ‘फरट्राइबुंग’ असा आहे. मराठीत तो आणताना आम्हांला ‘हकालपट्टी’ हा शब्द जवळचा वाटतो. ‘स्थलांतर’ होते, हकालपट्टी कोणीतरी करतो. एका शब्दात कर्ता दडलेला आहे, दुसऱ्यात तो नाहीसा झाला आहे. पॉट्सडॅम येथे १९४५ मध्ये विजेत्या राष्ट्रांनी या घटनेला सुव्यवस्थित ‘स्थानांतर’ असे म्हटले होते. पोलिश इतिहासकारांना ‘हकालपट्टी’ मान्य होणे कठीण होते. त्या शब्दाने पोलंड आरोपी ठरतो आणि १९३९ मध्ये आरंभ कोणी केला हे मागे पडते, अशी त्यांची भीती होती. ती निराधार नव्हती. शेवटी लोकसंख्येच्या सरकण्याचा बोध करणारा एक तटस्थ शब्द घेतला गेला. प्रयोगविचार शिकवताना कर्त्याचा लोप हा व्याकरणाचा विषय म्हणून आपण फळ्यावर मांडतो. येथे त्यावर दोन राष्ट्रांची स्मृती टांगलेली होती.

या शिफारशींवर पश्चिम जर्मनीत कडाडून टीका झाली. काही राज्यांनी त्या स्वीकारण्यास नकार दिला. टीकेत तथ्य होते. १९३९ च्या हिटलर-स्टालिन कराराची गुप्त पुरवणी त्यांत नव्हती. काटिन येथे सोव्हिएत पोलिसांनी केलेली पोलिश अधिकाऱ्यांची हत्या त्यांत नव्हती. पोलिश सदस्य एकपक्षीय राजवटीत राहत होते. हे शब्द त्यांना छापता येणार नव्हते. म्हणजे ज्या मौनाचा लाभ मॉस्कोला होता, त्या मौनावर दोन विद्वत्समूहांनी सही केली होती.

मग हे विद्वत्तेशी द्रोह ठरते का? आमचे उत्तर नकारार्थी आहे, पण ते सुखाने दिलेले नाही. मुत्सद्द्याला दोघे सही करतील असा शब्द हवा असतो, अभ्यासकाला खरा शब्द हवा असतो. आयोगातील माणसांना एकाच खुर्चीत बसून ही दोन्ही कामे करावी लागली. तडजोडीचा शब्द हा अंतिम शब्द आहे असे त्यांनी मानले असते, तर तो द्रोह ठरला असता. त्यांनी बैठका चालू ठेवल्या. १९८९ नंतर पोलंडमधील सेन्सॉरशिप संपली आणि १९९० मध्ये मॉस्कोने काटिनची जबाबदारी मान्य केली, तेव्हा दोन्हीकडच्या अभ्यासकांना हे प्रश्न पुन्हा मांडता आले आणि त्यासाठी नव्याने ओळख करून घ्यावी लागली नाही. २०१६ ते २०२० या काळात त्यांच्या सामायिक शालेय इतिहासाचे चार खंड दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाले. १९७२ पासून मोजले तर ही अठ्ठेचाळीस वर्षे आहेत. संस्कृतीपासून आरंभ करा म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. करारावर सही एका दिवसात होते. एका शब्दावर सहमती होण्यास जवळपास एका अध्यापकाच्या सेवाकालाहून अधिक वेळ लागतो.

आपल्याकडे १८५७ ला ‘शिपायांचे बंड’, ‘उठाव’ आणि ‘स्वातंत्र्यसमर’ असे तीन शब्द आहेत. विद्यार्थी परीक्षेपुरता त्यांतला एक पाठ करतो. तिन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि प्रत्येकात कर्ता कोण, कोणाच्या तोंडी तो शोभतो, कोणाला तो खुपतो, हे विचारावे. एवढे काम भाषेच्या अध्यापकाच्या हाती आहे. ते करण्यासाठी कोणा मुत्सद्द्याच्या प्रशस्तिपत्राची आपल्याला गरज नाही.