देहांतील मुके सेवक

एकत्र कुटुंबांत जो निमूटपणें राबतो, त्याची आठवण तो थकल्यावरच होते. देहाचेंही तसेंच आहे. हृदय, जठर, मूत्राशय, घाम यांचा कारभार आमच्या आज्ञेवांचून चालविणारे ते स्वायत्त मज्जातंतू. रक्तांतील वाढलेली साखर त्यांना व त्यांना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना वर्षानुवर्षें झिजवीत असते.

आमचे काका वीस वर्षें मधुमेही आहेत. पाटावरून उठतांना त्यांना घेरी येते. चार घांसांतच पोट भरतें. शेजारीपाजारी याला वार्धक्य म्हणतात. परंतु उभें राहतांच पायांतील रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या नाहींत तर रक्तदाब उतरतो, आणि जठर मंदावलें कीं अन्न तेथेंच रेंगाळतें. वैशाखांत नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हां त्यांचे पाय कोरडे असतात. जेवतांना मात्र कपाळ घामानें थबथबतें. घामच न आला तर देह निवावा कसा?

सर्वांत घातक तें या तंतूंचें मौन. हृदयविकाराचा झटका छातींत कळ न येतां येऊं शकतो. साखर उतरल्याची धडधड व थरथर जाणवत नाहीं. म्हणून औषध चालू असतां डॉक्टरांना विचारल्यावांचून एकादशीचा कडकडीत उपास नको, आणि पंगतींतला आग्रहही नको. रक्तदाब निजवून मोजावा, तसा उभें केल्यावर तीन मिनिटांच्या आंतही मोजावा; वरचा आंकडा २० नें घसरला तर डॉक्टरांस कळवावें.

१९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन हातीं आणून मधुमेह्यांस आयुष्य दिलें. तें सुखाचें करणें पुष्कळसें घरच्यांच्या डोळसपणावर आहे.