सोन्याच्या गावातला वॉचमन

दहबला जाऊन आलेला प्रत्येक जण ब्लू होलबद्दल बोलतो. इजिप्तच्या सिनाईतलं हे छोटं गाव (अरबीत दहब म्हणजे सोनं!) त्या सुमारे १०० मीटर खोल विवरामुळेच फेमस झालंय. मीही गेले. तिथल्या कड्यावर, बुडालेल्या डायव्हर्सच्या नावांच्या पाट्या वाचल्या आणि गुपचूप चहा पिऊन परत आले. पोहणं माझं सोसायटीच्या टँकपुरतं, काय करणार?

दुसऱ्या दिवशी इन्स्ट्रक्टरने गावातच, लाइटहाउसच्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरवलं. ‘‘फक्त आठ मीटर. वाळू बघायची.’’ पैसे भरून वाळू?

वाळूत एक बीळ होतं आणि दारात बोटाएवढा मासा. स्टाइनिट्झ गोबी. १९७४ मध्ये या तांबड्या समुद्रातूनच त्याची शास्त्रीय नोंद झाली. ओळखायचा कसा? पांढुरक्या अंगावर तांबूस-तपकिरी पट्टे, पाठीवरच्या परांवर बारीक नारिंगी ठिपके, डोळे डोक्याच्या पार वर. आणि पाठीवर पर दोन, वेगवेगळे. असाच तळाला बसणारा ब्लेनी मासा दिसला, तर त्याचा पर सहसा सलग असतो. नवखे इथेच फसतात.

पण पठ्ठ्याची खरी गंमत म्हणजे त्याची रूममेट, पिस्तूल कोळंबी. बाई बुलडोझरसारखी वाळू उपसत होती. तिला धड दिसत नाही, म्हणून बाहेर आली की मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. बीळ तिचं, नजर त्याची. धोका दिसला की हा शेपूट थरथरवतो, ती आत! धोका फारच जवळ आला, की हाही डोकं खुपसून आत.

नेमकं तेव्हाच माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. नाकात खारट, डोक्यात कालच्या पाट्या. सुसाट वर पळायचं नाही हे दहादा बजावलेलं, आणि तेच करावंसं वाटत होतं. इन्स्ट्रक्टरने दंड पकडला, दुसऱ्या हाताने खूण केली : नाकातून हवा सोड. दुसऱ्या प्रयत्नात मास्क रिकामा झाला. दंडावरचा हात मात्र मी त्याला काढू दिला नाही.

आमच्या धडपडीने बिळाशी सामसूम. हलायचं नाही, असं त्याने खुणावलं. आम्ही थांबलो, बराच वेळ. मग दारात दोन डोळे आले. त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं, आणि मागून हळूच एक मिशी बाहेर आली.