बारा व्होल्ट होते, तरी गाडी चालू होईना

किल्ली फिरवली की बोनेटखालून टकटकटक असा आवाज यायचा आणि डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणून विझायचे. हॉर्न वाजत होता, पण अगदी क्षीण. गाडी जवळजवळ सगळा पावसाळा आमच्या रेवदंड्याच्या वाडीत सुपारीखाली उभी होती. आमचे हे जहाजावर. सासूबाईंना डोळे दाखवायला अलिबागला न्यायचं होतं. मला गाडी चालवता येते, पण बोनेटचा खटका कुठे असतो इथपासून माझी सुरुवात होती.

ज्याचं त्याचं निदान वेगळं. सासूबाई म्हणाल्या, इंजिनात पाणी गेलं. दिरांनी फोनवर सांगितलं, बॅटरी गेली, नवीनच घाला. शेजारचा मुलगा धक्का स्टार्ट करू म्हणून बाह्या सरसावून उभा. कोणाचं ऐकावं ते कळेना. शेवटी कोळीवाड्यातल्या दादांना बोलावलं. त्यांच्या बोटीवर वायरलेस, जीपीएस, दिवे सगळं बॅटरीवर चालतं. भर समुद्रात बॅटरी बसली तर मेकॅनिक कुठून आणणार? त्यामुळे या किनाऱ्यावर बॅटरी कळणारी माणसं शोधायची तर ती मच्छीमारांतच, असं माझं आता ठाम मत आहे.

दादांनी मल्टिमीटर माझ्याच हातात दिला. ‘तुम्हीच बघा वहिनी, म्हणजे कळेल.’ लाल टोक अधिकवर, काळं उण्यावर. आकडा आला 12.1. मला हायसं वाटलं, कारण बॅटरी 12 व्होल्टची असते एवढं ठाऊक होतं. दादांनी मान हलवली. आत सहा कप्पे, प्रत्येकाचे दोनाहून थोडे जास्त व्होल्ट; पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 च्या पुढे दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली घसरली की उतरलीच म्हणायची.

पण निम्म्याच्या आसपास असेल तर निदान घरघर तरी का होऊ नये? इथे मी पुरती गोंधळले. मग दादांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरं त्याच खुंटाला आवळलेल्या पकडीवर धरायला लावलं आणि शेजारच्या मुलाला किल्ली फिरवायला सांगितली. दोन्ही जागा एकमेकींना चिकटलेल्या, आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. आला दोनच्या वर! टाकीत पाणी असून तोटीत गाळ बसावा, तसं झालं होतं. घड्याळाला किंवा दिव्याला थोडा करंट लागतो, तो गाळातूनही झिरपतो. सेल्फला मात्र क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर लागतात. तो ओढ घेतो आणि बरेचसे व्होल्ट त्या सांध्यातच खर्च होतात.

तो गाळ डोळ्यांना दिसतही होता. अधिकच्या पकडीवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड जमली होती. बॅटरीतल्या आम्लाची वाफ धातूला खाते, आणि आमच्या खाऱ्या, दमट हवेत त्याला आणखी जोर येतो. बॅटरीच्या माथ्यावर मिठाची ओलसर धूळ बसली तर तिच्यातूनही अधिक-उण्यामध्ये थोडा करंट वाहत राहतो. म्हणजे किनाऱ्यावर बॅटरीचा माथा पुसणं हे निव्वळ नीटनेटकेपणाचं काम नाही.

हात लावण्याआधी दादांनी मला बांगड्या आणि मंगळसूत्र काढायला सांगितलं. दहाच्या पान्याने आधी उणं सोडवायचं. हा क्रम मला पाठ करायचा नव्हता, समजून घ्यायचा होता, म्हणून विचारलं. गाडीचा सगळा पत्रा उण्याला जोडलेला असतो. अधिक सोडवताना पाना पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट, मोठी ठिणगी. आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. उणं आधी सुटलं की पाना टेकला तरी काही होत नाही. जोडताना उलट, अधिक आधी. एवढं कळल्यावर भीती निम्मी झाली.

खायचा सोडा पाण्यात कालवून पुडीवर ओतला, तसा फसफसून फेस आला. जुन्या टूथब्रशने घासलं, साध्या पाण्याने धुतलं, कोरडं केलं. मग दादांचा चार्जर पडवीत लावून रात्रभर सावकाश चार्ज केली. बंद खोलीत नाही, त्या हायड्रोजनमुळेच. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि मग ती भरूनही भरत नाही. त्यामुळे हे काम उद्यावर टाकण्यासारखं नव्हतं.

सकाळी चार्जर काढून काही वेळाने मोजलं तर 12.6. पकडी आवळून वरून व्हॅसलिन लावलं, किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात चालू झाली. सासूबाईंनी बोनेटला हळदकुंकू लावलं. इंजिन चालू असताना मीटरने 14.2 दाखवले, म्हणजे अल्टरनेटर बॅटरी भरतो आहे. तिथे 12 च राहिले असते तर दोष अल्टरनेटरच्या बाजूला शोधावा लागला असता.

बॅटरी उतरली कशामुळे, हा प्रश्न उरला होता. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडं थोडं खातच असतात. 40 मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण दिवसाला साधारण एक अँपिअर-तास, महिन्याला 29. आमची बॅटरी 35 ची! मधूनमधून गाडी बाहेर काढली जायची म्हणूनच ती इतकी टिकली.

पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी करायची झाली तर उण्याची पकड काढून ठेवणार आहे. परत जोडल्यावर घड्याळ लावावं लागतं आणि रेडिओची स्टेशनं नव्याने शोधावी लागतात, एवढाच त्रास.