दोन ते चार

मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या लेखी दुपारचे दोन ते चार हे तास सोवळ्यातले. या वेळात दाराची बेल वाजवणारा इसम एक तर कुरिअरवाला असतो, नाहीतर वैरी. (पुण्याचे दुकानदार एक ते चार झोपतात म्हणे, पण ते पुढारलेले लोक.) बँकेतल्या माणसाला हे सुख पूर्वी फक्त रविवारी मिळे. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद राहू लागल्या आणि माझ्या झोपेच्या खात्यात दरमहा दोन दुपारी जादा जमा होऊ लागल्या. गेल्या वर्षी त्या दोन्ही आमच्या सौभाग्यवतींनी खातेदाराच्या सहीशिवाय परस्पर काढून घेतल्या.

त्याचं असं झालं. आमच्या कॉलनीमागच्या समाजमंदिरात दुपारी दोन ते चार मोठ्या माणसांचा फुकट वर्ग भरतो. एका कोपऱ्यात मांडवाचे बांबू, दुसऱ्या कोपऱ्यात एक पाय मोडलेला कॅरम स्टँड आणि मध्ये विद्यार्थिनी. सौ. तिथे अक्षरं शिकवते. एके दिवशी जेवताना म्हणाली, "तुम्ही बी. कॉम. आहात ना? मग बँकेतल्या स्लिपा भरायला शिकवायला या."

मी झोपेच्या बाजूने इतिहास उभा केला. म्हटलं, "अगं, प्रौढांची शाळा रात्री असते. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली काढली तीसुद्धा रात्रशाळाच होती."

"रात्री पोळ्या कोण लाटणार?"

वाणिज्य शाखेत हा विषय नव्हता. मी गप्प बसून पुढची पोळी घेतली.

पण खरंच आहे ते. दिवसभर कामावर असलेल्या पुरुषाला रात्र मोकळी. बाईची रात्र चुलीपाशी, सकाळ दुसऱ्यांच्या घरी. वर्गातल्या निम्म्याअधिक बायका धुणीभांडी करणाऱ्या. दीडला सकाळची घरं संपतात, साडेचारला संध्याकाळची सुरू होतात. मधल्या फटीत काय शिकायचं ते शिका. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा निघाली; साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन जातात. तीही दुपारीच भरते. सरकारने २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम काढला, २०२२ पासून 'उल्लास' नावाची योजना आणली. नाव छान आहे, पण तो उल्लास दुपारी दोन वाजता कुठून आणायचा हे कुठल्याच परिपत्रकात नसतं.

पहिल्या शनिवारी मी बेरीज-वजाबाकीची जय्यत तयारी करून गेलो. ती वाया गेली. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तीन घरं बाराशेची, दोन पंधराशेची. भिशीचे पाचशे गेले, गॅसचे नऊशे. राहिले बावन्नशे. ह्ये येतंय आमाला. अक्षराचं काय ते सांगा." मी तोवर मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर कुठे असतो ते शोधत होतो. पंख्याखाली बसायला येणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

मावशींना सही शिकायची होती. मला वाटलं, हौस असेल. तसं नव्हतं. बँकेत अंगठेवाल्या खातेदाराला स्वतः यावं लागतं, पासबुकावर फोटो लागतो, चेकबुक सहसा मिळत नाही. शिवाय शाईचा अंगठा पुसायला फडकं नसतं. आमच्या शाखेच्या खांबावर उभ्या तालुक्याचे ठसे सापडतील. हे सगळं मावशींनी वर्षानुवर्षं सोसलं. मग गल्लीतल्या दुकानात आधारचं यंत्र आलं. त्यावर बोट टेकवलं की पैसे मिळतात. मावशींनी अंगठा टेकवला. यंत्राने नाही म्हटलं. पुसून टेकवला, पुन्हा नाही. त्यांनी माझ्यापुढे अंगठा धरला. गुळगुळीत. तीस वर्षं लोकांची भांडी घासून रेषा जवळजवळ उरल्याच नव्हत्या, आणि त्या लोकांत आम्हीही होतो.

"सही घासून जात न्हाई ना, साहेब?"

"नाही," मी म्हटलं. यापेक्षा जास्त मला काही सुचलं नाही.

चार महिने लागले. मावशींना आटोपशीर सही मंजूर नव्हती. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं हवं. मी रकाना दाखवायचो. नवरा रकान्यात मावायचा, आडनाव बाहेर पडायचं. शेवटी नवऱ्याला आद्याक्षरावर आणलं. "आता बसला गप," मावशी म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या बँकेत नमुना सही देऊन आल्या.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. एका शनिवारी मावशींनी पासबुक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. "ह्ये सतरा रुपये सत्तर पैसे कुनी काढले?"

"बँकेने. मोबाइलवर मेसेज पाठवते ना, त्याचे. दर तिमाहीला."

"मला वाचता येत नव्हतं तवा बी घेतले?"

मागच्या पानावर पाहिलं. घेतले होते. त्याच्या मागच्या पानावरही. बँक त्यांची वेगळी, माझी वेगळी. पण त्या क्षणी समाजमंदिरातल्या अठ्ठावीस बायका माझ्याकडे असं बघू लागल्या, की संपूर्ण भारतीय बँकव्यवसायाचे सतरा रुपये सत्तर पैसे माझ्याच खिशात आहेत. मी नियम, करार, सेवाशुल्क असं बरंच काही बोललो. पंख्याखालचे गृहस्थसुद्धा जागे झाले.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि पासबुक पिशवीत टाकलं. "आता वाचता येतंय, तवा आताचे घ्या म्हनावं. आधीचे परत पायजेत. अर्ज कसा ल्ह्यायचा ते शिकवा."

येत्या चौथ्या शनिवारचा धडा तोच आहे. मी मसुदा मोठ्या अक्षरात लिहून नेला होता, 'सविनय विनंती अर्ज' असा मथळा घालून. मावशींनी एकेक अक्षर जुळवत तो वाचला, मथळ्यापाशी परत आल्या आणि माझ्याच पेनने पहिला शब्द खोडला. विनंती राहू दे, म्हणाल्या.