थेंब खाली पडण्याआधी

पत्त्यांशी आमचा संबंध मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन यांच्यापलीकडे कधी गेला नाही. रमीत घालवायला पैसे नव्हते आणि ब्रिज शिकायला चिकाटी नव्हती. त्यामुळे एका रविवारी आमच्या पंधरा वर्षांच्या पुतण्याने दप्तरातून पत्त्यांचा एक जाडजूड डबा काढला आणि 'काका, बसा, शिकवतो' असे फर्मावले, तेव्हा आम्ही चष्मा पुसण्यात बराच वेळ घालवला. शेवटी बसलो. त्या बसण्याचे परिणाम पत्त्यांपुरते राहिले नाहीत, म्हणून हा लेख.

खेळाचे नाव 'मॅजिक : द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला. प्रत्येक खेळाडूचे आयुष्य वीस. ज्याचे वीस आधी संपतील तो हरला. पत्त्यांमध्ये मंत्र असतात, जमिनी असतात आणि नाना तऱ्हेचे प्राणी असतात. प्राण्याच्या पत्त्यावर खाली दोन आकडे असतात : किती मारतो आणि किती सोसतो. प्राणी चाल करून जातो, समोरच्याने आपला प्राणी आडवा घातला तर दोघे एकमेकांना इजा करतात, नाही घातला तर ती इजा थेट समोरच्या खेळाडूला बसते. इथवर सगळी वजाबाकीच. आम्हांस वाटले, जमेल.

पण काही पत्त्यांवर आकड्यांच्या वर एक वाक्य छापलेले असते आणि खेळाची सगळी मेख त्या वाक्यात असते. पहिल्याच संचात 'हिप्नॉटिक स्पेक्टर' नावाचे एक उडते भूत आहे. मारते दोन, सोसते दोन. त्याचा मार विरोधकाला लागला की त्याच्या हातातले एक पान जाते. कोणते, ते निवडण्याची मुभा त्याला नसते. वीसातून दोन गेले, अठरा उरले, एवढ्यावर ते भागत नाही. गेलेल्या पानावर आपण पुढच्या चार चाली रचलेल्या असतात. पुतण्याच्या भाषेत याला 'ट्रिगर' म्हणतात. इजा ही घटना, आणि तिच्या पोटी जन्म घेणारी दुसरी घटना म्हणजे ट्रिगर.

याच्या उलट जातीचेही प्राणी आहेत. ते मार खाल्ल्यावर जागे होतात. त्याच पहिल्या संचातला 'फंगसॉर' इजा होऊन जगला, तर प्रत्येक इजेगणिक थोडा अधिक बलवान होतो. १९९७ सालचे 'जॅकल पप' हे कोल्ह्याचे पिल्लू स्वस्त आणि चपळ, पण त्याला जेवढे लागते तेवढेच त्याच्या मालकालाही लागते. आणि नियम असा की त्या इजेने पिल्लू मेले तरी मालकाची सुटका नाही. इजा झाली, त्या क्षणी पुढची घटना मार्गाला लागली. तिला जन्म देणारा जिवंत आहे की नाही, हे कोणी विचारत नाही.

हे ऐकताना आमचे लक्ष पत्त्यांवरून उडाले. का, ते सांगायला हवे.

वडिलांच्या तेराव्याला आम्हा दोघा भावांत बोलाचाली झाली. विषय गुलमंडीजवळच्या घराचा. पाहुणे निघून गेले होते, पत्रावळी उचलायच्या राहिल्या होत्या. धाकटा म्हणाला, "दादा, तू बाबांजवळ राहिलास, की घराजवळ?" आम्ही म्हणालो, "तू तर दोन्हींजवळ नव्हतास." दोन वाक्ये. तो पुण्याला नोकरीत होता, रजा मिळत नव्हती, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही रात्र रात्र जागलो, हे त्याला ठाऊक होते. तरी वाक्ये गेली. मग त्यांना पिल्ले झाली. सुनांची बोलणी, दागिन्यांचा हिशेब, विसाव्या वर्षीची उसनवारी, सगळे उठून उभे राहिले. घर विकले गेले, वाटण्या झाल्या, भांडणाचे मूळ कारणच मेले. वाक्ये मात्र चालूच. पुढे धाकटा बदली होऊन शहरात परतला, सिडकोत राहू लागला. दोन घरांत चार-पाच किलोमीटरचे अंतर आणि तीन वर्षांचा अबोला. येत-जात राहिला तो एकटा पुतण्या, दर रविवारी.

असो. गेल्या पावसाळ्यात त्यालाच घेऊन आम्ही वेरूळला गेलो. कैलासात रविवारची झुंबड होती, म्हणून शेजारच्या पंधराव्या लेण्याकडे, दशावताराकडे वळलो. पायऱ्या चढून वरच्या मजल्यावर गेले की भिंतीच्या एका कोनाड्यात अंधकासुरवधाचा पट आहे. भैरवरूपातला शिव अंगावर झेप घेतल्यासारखा, आणि त्याच्या पायांशी काली : बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, हातात सुरी आणि वाटी.

पुतण्याने गोष्ट विचारली, आम्ही सांगितली. अंधकाला वर असा की त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की त्यातून नवा अंधक उठेल. शिवाने मारावे आणि मारल्यामुळेच शत्रू वाढावेत.

"म्हणजे याला प्रत्येक इजेवर टोकन तयार होतं," पुतण्या गंभीरपणे म्हणाला. एखाद्या पत्त्याच्या गुणाने जो जास्तीचा प्राणी पटावर येतो, त्याला त्यांच्यात टोकन म्हणतात. "मग याला फॉग लावून काय उपयोग?"

'फॉग', म्हणजे धुके, हा पहिल्या संचातला साधा मंत्र. तो टाकला की त्या पाळीत लढाईतली कोणतीच इजा होत नाही. इजा नाही, तर ट्रिगरही नाही. पण मग अंधकही मरत नाही. पुतण्या वाटीकडे बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "काका, ही स्टायफल आहे!" २००३ साली आलेला 'स्टायफल' हा मंत्र इजेला हात लावत नाही. घाव बसतो, ट्रिगर सुटतो, आणि तो फळाला येण्याआधी मध्येच विझवला जातो. घाव आणि नवा अंधक यांच्यामध्ये थेंबाचा हवेतला प्रवास आहे, आणि वाटी नेमकी तिथे धरलेली आहे.

मूर्तिशास्त्राच्या पुस्तकांत आम्ही या पटाविषयी पुष्कळ वाचले होते. वराहपुराणात अंधक म्हणजे अज्ञान आणि रक्त पिणाऱ्या मातृका म्हणजे काम, क्रोध, लोभ असे मनाचे विकार, असा उलगडाही आहे. पण वाटीचे नेमके काम काय, हे आम्हांस एका शाळकरी मुलाने पत्त्यांवरून शिकवले. आम्ही तीन वर्षे फॉग टाकत होतो. बोलायचेच नाही, म्हणजे लागायचेच नाही. धुके एका पाळीपुरते असते, हे लक्षात घेतले नव्हते.

निघताना त्याने विचारले, "सगळं रक्त हीच पिते ना? मग इतकी हडकुळी कशी?"

आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. खुलताबाद मागे पडले, दौलताबादचा किल्ला दिसू लागला, तरी प्रश्न पाठ सोडीना. मग एक गोष्ट लख्ख दिसली. दर रविवारी पानसुपारीच्या सहजतेने आम्ही त्याला विचारत असू, "बाबा काय म्हणतात?" आणि घरी गेल्यावर तिकडे त्याला विचारले जात असणार, "काका काय म्हणाले?" आमच्याकडून तरी सहज म्हणून एखादे तिरके वाक्य त्याच्या देखत सुटत असेच. त्याचे उत्तर नेहमी एकच : "काही नाही." तीन वर्षांत या पोराने एक थेंबही भूमीवर पडू दिला नव्हता. वाटी त्याच्या हातात होती. तो अबोल होत चालला आहे, अशी तक्रार मात्र आम्ही मोठी माणसे करीत होतो.

त्या संध्याकाळी त्याला कोपऱ्यावर न सोडता आम्ही दारापर्यंत गेलो. दार धाकट्यानेच उघडले. क्षणभर पाहिले आणि म्हणाला, "घर सापडलं म्हणायचं!" लागले. उत्तरही जिभेवर होते, आणि चांगले धारदार होते. पुतण्या दोघांच्या मध्ये उभा होता, दप्तराचा पट्टा घट्ट धरून. आम्ही म्हणालो, "पाणी दे रे." धाकटा आत वळला. पोराने पट्टा सोडला आणि चपला काढल्या.

एवढेच घडले. याला समेट म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. त्या खेळात प्राण्यांच्या जखमा पाळी संपली की आपोआप पुसल्या जातात, खेळाडूच्या नाही. त्याचे अठराचे वीस करायला वेगळे पत्ते लागतात आणि ते हवे तेव्हा हाताशी येत नाहीत. मात्र पुराणांत अंधकाच्या गोष्टीचा शेवट बहुतेक लोक विसरतात. काही कथांत तो शिवपार्वतीचाच मुलगा आहे, आणि शेवटी शिव त्याला क्षमा करून आपल्या गणांत सामील करून घेतो. त्याआधी थेंब थांबावे लागतात.

आता रविवारी आम्ही पुतण्याला काही विचारत नाही. तो पत्ते पिसतो, आणि आम्ही हरतो.